उभ्या गाडीची धाप

घरात कोणी खोकू लागले म्हणजे आपण एकदम दहा औषधे आणीत नाही. खोकला कोरडा आहे की ओला, रात्री अधिक येतो की पहाटे, याची आधी विचारपूस होते. मोटारीच्या बाबतीत मात्र ही साधी रीत सुशिक्षित माणसेही विसरतात. गाडी उभ्या जागी थरथरू लागली, की एक तर तिकडे दुर्लक्ष होते, नाही तर एकामागून एक भाग बदलले जातात. आमच्या कुटुंबाने हे दोन्ही केले. त्यातून मिळालेला धडा वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते.

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे व लातूर–कुर्डुवाडी लोहमार्गावरील स्थानकामुळे पुष्कळांच्या परिचयाचे आहे. तेथील आमच्या घरी कार्ब्युरेटरची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. रस्त्यावर ती सुरळीत धावे. पण दाराशी उभी राहिली की धाप लागल्याप्रमाणे हिसके देई व मध्येच बंद पडे. मिस्त्री लोक याला ‘मिसिंग’ म्हणतात.

काकांनी सारा दोष इंधनावर ठेवला. उसाच्या मुलखात राहून ते उसावरच रागावले! त्यांचा तर्क अगदीच निराधार नव्हता. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलास सुमारे ९ पटच पुरते. जुना कार्ब्युरेटर पूर्वीच्याच मापाने हवा देतो, म्हणून मिश्रण थोडे पातळ होते. परंतु दोष केवळ इंधनाचा असता, तर तो धावतानाही थोडाफार जाणवला असता.

पुढे एका गॅरेजात प्लग बदलले, कॉइल बदलली. गुण आला नाही. शेवटी स्क्रू फिरवून ‘रेस’ वाढवून दिली आणि थरथर थांबली. सर्वांचे समाधान झाले. दादा तेवढे एकदोनदा म्हणाले, “अलीकडे ब्रेक जड लागतो. गाडी जुनी झाली, दुसरे काय!”

आठ दिवसांनी आईला डोळे तपासण्यासाठी सोलापूरास न्यावयाचे होते. तुळजापूर ओलांडले की त्या वाटेवर घाट उतरावा लागतो. निघण्याच्या आदल्या सायंकाळी दादा अंगणात गाडी चालू करून पाहत होते. तुळशीपाशी दिवा लावून परतणाऱ्या थोरल्या वहिनी थबकल्या व म्हणाल्या, “भावजी, हा सूं सूं आवाज कसला? आमच्या कुकरची रिंग सैल झाली की अश्शीच वाफ जाते.”

दादांनी झाकण उघडून कान दिला. इंजिनापासून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी रबरी नळी तोंडाशी चिरली होती. चिरेवर पाण्याचे चार थेंब टाकताच ते आत ओढले गेले आणि इंजिनाचा सूर पालटला. निदान झाले!

याची कारणमीमांसा समजण्यासारखी आहे. गाडी उभी असताना हवेचा दरवाजा जवळजवळ मिटलेला असतो आणि इंजिन आतून जोराने हवा ओढीत असते. मिनिटास ८०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात तेव्हा मिनिटाला १,६०० स्फोट होतात व प्रत्येकास अगदी थोडेच मिश्रण मिळते. अशा वेळी चिरेतून आलेली थोडीशी हवाही मिश्रण बिघडवते. वेग वाढला की मुख्य वाटेनेच भरपूर हवा येते व ही चोरवाटेची हवा नगण्य ठरते. म्हणून उभ्या जागी धाप आणि रस्त्यावर आराम, असे लक्षण दिसले की प्रथम हवेची गळती शोधावी. त्यानंतर कार्ब्युरेटरमधील मंद गतीचे बारीक छिद्र कचऱ्याने बुजले आहे काय, ते पाहावे.

आमच्या गाडीत गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. इंजिनाच्या याच ओढीच्या बळावर बूस्टर चालकाच्या पायाला साहाय्य करतो. नळी चिरली की ते साहाय्य घटते, पेडल कठीण होते व गाडी थांबवण्यास कितीतरी अधिक जोर लागतो. इंजिनाची धाप आणि ब्रेकचा जडपणा ही एकाच रोगाची दोन लक्षणे होती. रेस वाढवून आम्ही पहिले झाकले, आणि दुसरे गाडीच्या वयाच्या माथी मारले. आईला घेऊन त्या घाटात उतरलो असतो तर काय झाले असते, हा विचार आजही मनास चटका लावतो.

प्रत्येकाने करून पाहावी अशी एक परीक्षा येथे सांगतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक चारपाच वेळा दाबावा, मग पाय दाबूनच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. जागचे हलले नाही, तर गाडी बाहेर काढू नये.

तपासणी नेहमी उघड्यावर करावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो प्राण घेतो. हँडब्रेक ओढलेला असावा. पदर, ओढणी व धोतराचा सोगा पंख्यापासून दूर असावा. प्लग काढून पाहिले तर तेही बोलतात: काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, पांढुरकेपणा म्हणजे मिश्रण पातळ, तेलाचा ओलावा म्हणजे रिंग झिजल्याची शंका, आणि फिकट तपकिरी रंग म्हणजे प्रकृती उत्तम. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत संगणकात नोंदलेला दोषाचा संकेत आधी वाचून घ्यावा. तरीही चिरलेली नळी शोधण्यास डोळे व कान लागतातच.

आमची नवी नळी आधी बदललेल्या कॉइलहून पुष्कळच स्वस्त पडली. स्क्रू पुन्हा पूर्वस्थानी आणला, आणि दोन दिवस उशिरा का होईना, आई सोलापूरास सुखरूप जाऊन आल्या. यंत्र कुरकुरू लागले की त्याचे तोंड बंद करण्यापूर्वी ते काय सांगत आहे हे ऐकून घ्यावे, एवढेच आम्ही शिकलो. आणि ऐकणाऱ्यांत स्वयंपाकघरातले कानही धरावेत. आमच्या घरी ते सर्वांत तीक्ष्ण ठरले.