शाळेला सुट्टी, शिकण्याला नाही!

ट्रॅफिक, ट्यूशन आणि टेन्शनला बाय-बाय करून गावाकडे शिफ्ट व्हायचं आणि पोरांना घरीच शिकवायचं? आयडिया झकास आहे. पण बॅगा भरण्याआधी हे वाचाच.

'आम्ही तर ठरवलंय बाबा, पोराला शाळेत घालायचंच नाही!' ऑफिसच्या लंच टेबलवर कुणीतरी डब्याचं झाकण उघडता उघडता हा बॉम्ब टाकतं आणि क्षणात दोन पार्ट्या पडतात. 'ग्रेट यार!' म्हणणारी एक आणि 'मग त्याचं पुढे होणार काय?' म्हणणारी दुसरी. गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्यांना होमस्कूलिंगबद्दल माहिती साधारण सारखीच असते. म्हणजे फारच थोडी.

आकर्षण का वाटतं, ते सांगायला नको. नर्सरीच्या ॲडमिशनसाठी रांगा, साडेसहाला डोळे चोळत स्कूल बस, संध्याकाळी होमवर्क आणि महिन्याचा पगार खाणारी फी. त्यात वर्क फ्रॉम होमनं दाखवून दिलंय की लॅपटॉप आणि नेटवर्क असेल, तर काम कुठूनही होतं. मग सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यासारख्या ठिकाणी आजोबांचं घर रिकामंच पडलेलं असताना वाकडच्या टू बीएचकेचा हप्ता कशाला भरायचा, असा विचार मनात येतोच.

तर चला, त्या घराचंच दार उघडून बघू. पुण्याहून गाडीत बसायचं, दौंड-भिगवण मागे टाकायचं, जेऊर स्टेशनला उतरायचं आणि तिथून करमाळा गाठायचं. समजा, तिथे तुमचं चौकोनी कुटुंब राहतंय. मुलगी आठची, मुलगा पाचचा. शाळेत कुणीच जात नाही. दिवस कसा जाईल?

उजनीचं गणित, केमची केमिस्ट्री

पहिला गैरसमज आधीच काढून टाकू. होमस्कूलिंग म्हणजे हॉलमध्ये फळा टांगून आईनं बाई व्हायचं, असं नाही. तीसजणांचा वर्ग सांभाळताना हजेरी, रांगा, वह्या वाटणं, 'शांत बसा' यात बराच वेळ जातो. घरात दोनच मुलं. त्यामुळे या वयाला बसून करायचा अभ्यास सकाळच्या दोनेक तासांत आरामात उरकतो. प्रश्न असतो तो उरलेल्या दिवसाचा. आणि इथेच करमाळा तुमच्या मदतीला धावून येतं.

गावाजवळ कमलादेवीचं देऊळ आहे, रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं. तिथली शहाण्णव पायऱ्यांची विहीर प्रसिद्ध आहे. मुलीला पायऱ्या मोजायला लावा आणि परत येताना विचारा, शहाण्णव किती पाढ्यांत येतात? बारा अठ्ठे शहाण्णव, सोळा सक शहाण्णव, चोवीस चोक शहाण्णव. पाढे पाठ करायचा कंटाळा असलेलं पोरही इथे हिरीरीनं भांडतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी उजनी आहे. धरण शेजारच्या माढा तालुक्यात, पण त्याचं बॅकवॉटर करमाळ्याच्या गावांना येऊन भिडलंय. दर उन्हाळ्यात इथला प्रत्येक माणूस म्हणतो, 'उजनी मायनसमध्ये गेली.' धरणात पाणी दिसतंय आणि आकडा मात्र उणे! असं कसं? तर धरणात सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा धरलेला आहे. शून्य टक्के मोजायचं ते त्याच्या वरून. वरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसीचा. पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली घसरली होती. आता उणे पन्नास म्हणजे धरणात पाणी उरलं किती? करा हिशोब. उत्तर येतं जवळपास ३७ टीएमसी. ऋण संख्या शिकवायला याहून भारी उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार? शिवाय पाणी खूप उतरलं की पलीकडच्या इंदापूर तालुक्यात पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ बाहेर येतं. इतिहास, भूगोल आणि 'धरणाखाली ज्यांची गावं गेली ती माणसं कुठे गेली?' हा नागरिकशास्त्राचा प्रश्न, सगळं एकाच ट्रिपमध्ये!

आणि केमिस्ट्री? त्यासाठी जेऊरच्या पुढे असलेलं एक स्टेशन गाठायचं. केम! हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध. घरी वाटीत हळद कालवा, त्यात चिमूटभर खायचा चुना टाका. पिवळ्याचं लालभडक होतं. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळं. आम्ल आणि अल्कली हे शब्द मागाहून आले तरी चालतात.

वाचून मस्त वाटलं ना? पण थांबा. हे सगळं घडवायला घरात एक मोठं माणूस रोज, न कंटाळता, पूर्ण वेळ हजर लागतं. ते कोण?

बिल कुणाच्या नावावर?

मुंबईच्या मालविका जोशीचं नाव आठवतंय? सातवीनंतर शाळा सोडलेली ही मुलगी २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली, तेव्हा पेपरांत फोटो झळकले होते. शाळा सोडल्यावर तिला प्रोग्रॅमिंगची गोडी लागली आणि इंटरनॅशनल ऑलिम्पियाड इन इन्फर्मेटिक्समध्ये तिनं तीन पदकं पटकावली. बारावीचं सर्टिफिकेट नसल्यामुळे आयआयटीचं दार बंद होतं, एमआयटीनं मात्र पदकांकडे पाहिलं.

या स्टोरीतला एक भाग फॉरवर्ड करताना हमखास गळतो. मुलीला घरी शिकवायचं ठरलं, तेव्हा नोकरी सोडली ती आईनं, सुप्रिया जोशींनी. मुलांचं रुटीन आखणं आणि अभ्यासक्रम जुळवणं हे काम त्यांनी अंगावर घेतलं.

त्यांचा निर्णय त्यांचा होता. पण तुमच्या घरी 'आपण होमस्कूलिंग करू' या वाक्यातला 'आपण' नेमका कोण, हे आधी ठरवा. बाबांचे कॉल्स सुरू राहणार, आई 'तसंही घरीच आहे' म्हणून शिकवणार, स्वयंपाक करणार आणि पाहुण्यांचा चहाही बघणार, असा प्लॅन असेल तर तो प्लॅन नाही. एका माणसाच्या करिअरवर काढलेलं ते कर्ज आहे. वाचणारी फी आणि बुडणारा पगार एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. पाच-सहा वर्षांच्या गॅपनंतर पुन्हा नोकरी शोधायची वेळ आली तर काय, तेही लिहा. कामाचे तास दोघांनी वाटून घेता येत असतील, तरच पुढच्या पानावर चला.

रमाबाईंची आई, बापूंची मुलं

हे फॅड काही नवं नाही. एकोणिसाव्या शतकात अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. समाजानं डोळे वटारले, तेव्हा ते गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली मुलगी जन्मली. पुढे तीर्थाटनात, पायी भटकत, या आईनंच लेकीला संस्कृत शिकवलं. शाळेचं तोंड न पाहिलेली ती मुलगी १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांसमोर उभी राहिली आणि 'पंडिता' होऊन बाहेर पडली. पंडिता रमाबाई! लक्षात घ्या, त्या काळात मुलीला बाहेर शिकण्याची सोयच नव्हती. घर हा तिच्यासाठी एकमेव वर्ग होता.

आता नाण्याची दुसरी बाजू. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत घातलं नाही. जी गोऱ्यांची शाळा इतर हिंदी मुलांना घेत नाही, तिथे माझ्या मुलांना खास सवलत नको, हे त्यांचं म्हणणं. तत्त्व मोठं होतं. पण शिकवायला बापाकडे वेळ कुठे होता? मुलांच्या मनात ही तक्रार राहिली, हे गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. थोरला हरिलाल १९११ मध्ये वडिलांपासून दूर झाला, त्यामागे शिक्षणाची ही खंतही होती.

थोडक्यात, आईबापांचं तत्त्व कितीही थोर असो, त्याची किंमत मुलं मोजणार असतील तर त्यांनाही विचारायला हवं. पाच वर्षांच्या पोराला नाही कळणार, पण दहा वर्षांच्या मुलीला नक्की कळतं.

कायदा काय म्हणतो?

लंच टेबलवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यातलं कलम १० सांगतं. पण तसं न करणाऱ्या पालकांना शिक्षा मात्र कायद्यात लिहिलेली नाही. 'सक्ती' आहे ती मुख्यतः सरकारवर, सोय उभी करण्याची. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केंद्र सरकारनं एका प्रतिज्ञापत्रात म्हटलं होतं, की स्वखुशीनं होमस्कूलिंग करणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही. तरीही कायद्यात होमस्कूलिंगला स्पष्ट मान्यता देणारं कलम नाही. म्हणजे बंदी नाही आणि पक्कं संरक्षणही नाही.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की परतीचा रस्ता उघडा आहे. कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो. प्रयोग जमला नाही, तर पहिलीपासून सुरुवात करावी लागत नाही.

आणि दहावी? बहुतेक घरं एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा रस्ता धरतात. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीच्या परीक्षेसाठी नाव नोंदवता येतं, पाच वर्षांत विषय सुटे सुटे काढता येतात आणि मराठी माध्यमही मिळतं. आपल्याकडचा सतरा नंबरचा फॉर्म सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो. जे मूल शाळेत कधी गेलंच नाही, त्याचा दाखला आणणार कुठून?

'कितवीला हाईस गं?'

करमाळ्यात पाऊल ठेवल्यावर तुमच्या मुलीला पहिला प्रश्न हाच येणार. किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, देवळात. शहरात 'होमस्कूलर' म्हटलं की लोक कौतुकानं भुवया उंचावतात. गावात 'शाळेत जात नाही' या वाक्याचा अर्थ वेगळा आहे, आणि त्याला कारण आहे.

दिवाळीनंतर या भागातल्या उसाच्या फडांत मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांच्यासोबत येणारी मुलंही दिवसभर 'घरीच' असतात. फक्त ते घर म्हणजे पाचटाची खोपी असते आणि टाइमटेबलमध्ये धाकट्या भावाला सांभाळणं असतं. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. मोठ्या झालेल्या मुलीचं 'घरी बसणं' म्हणजे तर अनेकदा लग्नाची तयारी. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग भरायला डिसेंबर २०२१ उजाडलं, तेव्हा घरीच शिकणं म्हणजे काय, हे प्रत्येक वस्तीला कळलं. ज्या घरात स्मार्टफोन एक आणि पोरं तीन, तिथे जास्तच.

जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) पाहिलाय? त्यातला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे याच तालुक्यातल्या केमचा. जब्यासाठी शाळा हीच स्वप्नं बघायची जागा आहे आणि शाळेतलीच पोरं त्याला चिडवतातही. शाळा परफेक्ट नसतेच. पण वेगवेगळ्या घरांतली मुलं एका बाकावर बसण्याची जागा गावात दुसरी कुठली आहे, हा प्रश्न विचारून बघा. सोसायटीच्या गेटबाहेर न पडलेली मुलं करमाळ्यातही वाड्याच्या गेटबाहेर पडणार नसतील, तर शिफ्ट होऊन मिळवलं काय?

आणि हो, शाळा म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त महागडी इंटरनॅशनल शाळाच आणू नका. शेजारच्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइजचे मानकरी ठरले. अर्धा दिवस झेडपीची शाळा आणि उरलेला अर्धा विहीर, धरण आणि हळदीचा चुना, हे कॉम्बिनेशन कुणी करू नका म्हटलंय?

ठरवण्याआधी, जरा थांबा!

• आधी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने ट्रायल घ्या. पाहुणे, पॉवरकट आणि तुमच्या डेडलाइन्ससकट.

• शिकवण्याचे तास आई-बाबांत वाटून कागदावर लिहा आणि तो फ्रिजवर चिकटवा.

• रोज खेळायला मुलं कुठून येणार, ते आधी शोधा. क्रिकेटची टीम, वाचनालय, तालीम, भजनी मंडळ, काहीही चालेल.

• जन्मदाखला, आधार आणि मुलांनी केलेल्या कामाच्या तारखेनिशी वह्या जपून ठेवा. कधी शाळेत परत जावंसं वाटलं तर कामी येतील.

• दर वर्षी जूनमध्ये मुलांना विचारा, 'यंदा शाळेत जायचंय का?' आणि उत्तर 'हो' आलं, तर दप्तर आणायला त्याच दिवशी बाजारात जा.