बोटांवर उमटणारी प्रार्थना

आपल्या नवविधा भक्तीची यादी 'श्रवणा'पासून सुरू होते. आधी ऐकायचे, मग कीर्तन, मग स्मरण. देवळात पाऊल टाकताच घंटा वाजवायची. आरतीला टाळ-झांजा हव्यातच. मशिदीतून बांग येते, चर्चच्या मनोऱ्यावरून घंटानाद येतो. धर्म कोणताही असो, त्याचा निम्मा कारभार कानांच्या दारातूनच चालतो. मग ज्याचे ते दार जन्मापासून बंद आहे, त्याने देवाकडे कोणत्या वाटेने जावे?

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात आजोबांचे एक चुलतभाऊ राहत. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. त्यांना जन्मापासून ऐकू येत नसे. एकादशीच्या कीर्तनाला ते नेमाने येऊन बसत. बुवांनी विनोद केला की सभा हसे. मग इकडेतिकडे पाहून तात्याही हसत, पण क्षणभर उशिरा. बुवा काय म्हणाले, हे त्यांना कोणी सांगत नसे. मनात नव्हते असे नाही. कसे सांगायचे तेच घरात कोणाला येत नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती स्नेह्याने मला मुंबईतील एका चर्चमध्ये कर्णबधिरांची मिस्सा पाहायला नेले. आत शिरताच जाणवला तो उजेड. वेदीजवळचे सगळे दिवे लावलेले होते. फादरांच्या पाठीमागे खिडकी येणार नाही, अशा बेताने त्यांची जागा ठरवली होती. कारण मागून ऊन आले की चेहरा काळवंडतो आणि हात दिसत नाहीत. खांबाआड कोणीही बसले नव्हते. सामुदायिक प्रार्थना सुरू झाली आणि सगळे हात एकदम हलू लागले. नवल वाटले ते याचे, की प्रार्थनेच्या वेळी कोणीच डोळे मिटले नाहीत! आपण एकाग्र होण्यासाठी डोळे मिटतो; त्यांनी मिटले तर प्रार्थनाच तुटेल. पहिल्या बाकावरच्या दोन मुली मधेच हातांनी गप्पा मारू लागल्या, तेव्हा एका बाईने त्यांचे हात धरून त्यांना 'गप्प' केले. मला हसू आले आणि तात्यांची आठवणही झाली. त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचत गेलो. त्यातले थोडे वाचकांपुढे ठेवतो.

एक पाद्री आणि दोन बहिणी

हे दार सहजासहजी उघडले नाही. विश्वास ऐकण्यातून उपजतो, अशा अर्थाचे संत पौलाचे एक वचन आहे. त्याचा अगदी शब्दशः अर्थ घेऊन, बहिऱ्यापर्यंत धर्म पोचणारच नाही, असे मानणारे पुष्कळ होते. रोमन कायद्यात तर जन्मतः मूकबधिर असलेल्याला मृत्युपत्रही करता येत नसे. पण आपण त्यांना नावे ठेवू नयेत. आपल्या मनुस्मृतीनेही बहिऱ्या-मुक्यांना वारसाहक्कातून वगळले होते. ती अडचण १९२८ च्या कायद्याने दूर झाली आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिच्यावर कायमचा पडदा पडला.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेओन नावाचा एक बेनेडिक्टाइन संन्यासी होऊन गेला. त्याच्या पंथात मौनाचे नियम कडक असल्याने मठात खुणांनी बोलण्याची वहिवाट होती. बड्या घराण्यांतल्या बहिऱ्या मुलांना त्याने लिहा-वाचायला, बोलायलाही शिकवले. पण ही विद्या श्रीमंतांच्या वाड्यापुरतीच राहिली.

ती गरिबाच्या दारी नेली ती पॅरिसच्या शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूने. याचा जन्म १७१२ चा. एकदा तो एका घरी गेला असता दोन बहिणी शिवणकाम करीत बसलेल्या दिसल्या. त्याने काही विचारले, उत्तर नाही. मग त्यांच्या आईकडून कळले, की दोघींनाही ऐकू येत नाही आणि त्यांना चित्रांवरून धर्म शिकवणारे फादर नुकतेच वारले आहेत. या मुली देवाची ओळख न होताच मरणार, या विचाराने लेपे अस्वस्थ झाला आणि त्याने त्यांची शिकवणी पत्करली.

या माणसाचे मोठेपण एका साध्या गोष्टीत होते. आपली भाषा मुलींच्या गळी उतरवण्याआधी तो त्यांची भाषा शिकला. पॅरिसमधल्या बहिऱ्या लोकांची खूणभाषा त्याच्या आधीपासून नांदत होती. पिएर देलोज नावाच्या एका बहिऱ्या बुकबाइंडरने १७७९ साली पुस्तक लिहून तसे जगाला बजावलेही. लेपेने त्या खुणांना फ्रेंच व्याकरणाची जोड दिली आणि १७६० च्या सुमारास स्वतःच्या घरात फुकट शाळा उघडली. शाळेचा खर्च बराचसा त्याच्या स्वतःच्या मिळकतीतून चाले. म्हातारपणी, कडाक्याच्या थंडीत, मुलांसाठी पैसे वाचावेत म्हणून तो आपल्या खोलीत शेगडीही पेटवू देत नसे, असे सांगतात; शेवटी मुलांनीच रडून त्याला ती पेटवायला लावली. १७८९ साली, राज्यक्रांतीच्या वर्षी, तो वारला. दोनच वर्षांनी क्रांतिकारकांच्या सरकारने त्याची शाळा राष्ट्राची म्हणून चालवायला घेतली.

बावन्न दिवसांचा प्रवास

पुढची कथा अमेरिकेतील. हार्टफर्डच्या थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या तरुण धर्मोपदेशकाला शेजारच्या अ‍ॅलिस कॉग्जवेल या बहिऱ्या मुलीचा लळा लागला. आपली टोपी दाखवून त्याने तो शब्द मातीत लिहून तिला शिकवला, अशी आख्यायिका आहे. तिच्या वडिलांनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून १८१५ साली त्याला युरोपात पाठवले. ब्रिटनमध्ये शिकवण्याची रीत एका घराण्याने गुपितासारखी जपून ठेवली होती. तिथे त्याची डाळ शिजली नाही. पॅरिसमध्ये मात्र लेपेच्या शिष्यांनी दार मोकळे ठेवले. तिथला लॉराँ क्लेर हा बहिरा शिक्षक १८१६ साली त्याच्याबरोबर निघाला. जहाज ५२ दिवस समुद्रावर होते. त्या दिवसांत क्लेरने गॅलॉडेटला खुणा शिकवल्या आणि गॅलॉडेटने क्लेरला इंग्रजी. १८१७ साली हार्टफर्डची शाळा सुरू झाली. पहिल्या विद्यार्थिनींपैकी सोफिया फाउलर हिच्याशी गॅलॉडेटने लग्न केले.

त्यामुळे त्यांच्या मुलाची मातृभाषा खऱ्या अर्थाने आईच्या हातांची भाषा होती. हा मुलगा, धाकटा थॉमस, पुढे धर्मगुरू झाला आणि १८५२ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये कर्णबधिरांसाठी सेंट अ‍ॅन्स चर्च स्थापन केले. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरही असेच सेंट सेव्हियर्स चर्च उभे राहिले. १८७० साली त्याची कोनशिला खुद्द युवराजांनी बसवली.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड होता. बहिऱ्याने उपासनेला बसावे हे ठीक, पण त्याने उपासना चालवावी काय? हेन्री विंटर साइल हा विद्वान गृहस्थ लहानपणीच तापात श्रवणशक्ती गमावून बसला होता. जो मंत्र तोंडाने म्हणू शकत नाही त्याच्या हातचा संस्कार खरा कसा मानायचा, असा वाद माजला. त्याच्या बिशपने वाद बाजूला सारून १८७६ साली त्याला पहिली आणि १८८३ साली पूर्ण दीक्षा दिली. देवाला हातांचे शब्द पोचतात, असा तो निकालच होता.

कुमसारातले तिसरे माणूस

सगळेच गोड होते असे नाही. १८८० साली मिलानला शिक्षकांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी एक पाद्रीच होता. खुणा बंद करून मुलांना केवळ तोंडी भाषेनेच शिकवावे, असा ठराव तिथे झाला. ज्यांच्याविषयी तो होता ती माणसे सभेत जवळजवळ नव्हतीच. त्यापुढे कित्येक पिढ्यांच्या मुलांना वर्गात हात हलवण्याची चोरी झाली. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. उच्चार शिकवण्यात गैर काहीच नाही; पण हातची भाषा हिरावून घेऊन तोंडची देऊ केली, तर पुष्कळदा दोन्ही जातात.

चर्चमध्ये खुणा जाणणारा धर्मगुरू का हवा, हे एका उदाहरणावरून पटेल. कॅथॉलिक माणूस फादरांपाशी पापांचा उच्चार करतो, त्याला आपल्याकडचे ख्रिस्ती लोक कुमसार म्हणतात. ही गोष्ट दोघांतच राहायची. फादरांना खुणा येत नसतील तर मधे दुभाषी लागतो. चर्चचा कायदा याला परवानगी देतो आणि दुभाष्यावर गुप्ततेचे बंधनही घालतो. पण नवऱ्याशी झालेले भांडण किंवा मनातला मत्सर तिसऱ्यादेखत कोण सांगेल? शिवाय खुणा लांबूनही वाचता येतात. म्हणून जागाही आडोशाची लागते. ऐकणाऱ्यांच्या ध्यानीमनीही येणार नाहीत अशा या गोष्टी!

आफ्रिकेत हे काम नेले अँड्र्यू फॉस्टर या कृष्णवर्णीय अमेरिकनाने. तो स्वतः अकराव्या वर्षी मेंदूज्वराने बहिरा झाला होता. १९५७ साली त्याने घानात शाळा काढली आणि १९८७ साली रुआंडात विमान अपघातात मरेपर्यंत तेरा देशांत तीसहून अधिक शाळा उभ्या केल्या. अमेरिकन खूणभाषेत बायबलचे चित्रफितींवरील भाषांतर २०२० साली पुरे झाले. त्याला जवळजवळ चार दशके लागली.

आपल्या दारी

आपल्या देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा म्हणून जिचे नाव घेतात, ती मुंबईतच माझगावला १८८० च्या दशकात निघाली. निघाली ती कॅथॉलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. तमिळनाडूत पाळयंकोट्टैची शाळा फ्लोरेन्स स्वेनसन या मिशनरी बाईंच्या नावाने आजही ओळखली जाते. आणि २०२४ साली केरळात त्रिशूर येथे जोसेफ थेर्मडम या कर्णबधिर तरुणाला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. भारतातील अशी ही पहिलीच, असे सांगण्यात आले.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख भरली. यात दोन प्रकार आहेत, ते एकमेकांत मिसळू नयेत. जन्मापासून न ऐकणाऱ्याला भाषा हवी. म्हातारपणी कान मंदावलेल्याला भाषा आहेच, त्याला स्पष्ट आवाज हवा. परदेशी अनेक चर्चमध्ये सभागृहाभोवती तारेचे एक वेटोळे बसवतात. श्रवणयंत्राची कळ ठरावीक खुणेवर फिरवली, की ध्वनिक्षेपकातला आवाज घुमल्याशिवाय थेट कानात येतो. शेवटच्या रांगेतल्या आजीला प्रवचन समजते. आपल्या नाट्यगृहांना आणि प्रवचनाच्या मंडपांना ही सोय करायला कोणता धर्म आडवा येतो?

बहुतेक कर्णबधिर मुले ऐकत्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. अशा घरात पहिली दोन-चार वर्षे नवस, अंगारे आणि 'उशिरा बोलेल हो!' यांत जातात, आणि भाषा रुजण्याचा मोसम तेवढ्यात निघून जातो. वेळेवर कान तपासून घ्यावेत, यंत्र लागले तर लावावे, पण त्याबरोबरच घरातल्या चार माणसांनी खुणा शिकाव्यात. दिल्लीला २०१५ साली भारतीय खूणभाषेची सरकारी संस्था निघाली आहे आणि तिच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले आहेत. म्हणजे शिकायचे कुठून, ही सबब आता उरलेली नाही.

पॅरिसच्या त्या पाद्र्यापाशी कोश नव्हता, यंत्र नव्हते. होती ती एवढीच समजूत, की समोरच्याला माझी भाषा येत नसेल तर त्याची मी शिकावी. यंदाच्या पाडव्याला ज्या घरात असे एखादे मूल किंवा असे एखादे आजोबा असतील, तिथे फराळाच्या ताटाभोवती चाललेला विनोद त्यांनाही हातांनी, लिहून, तोंड त्यांच्याकडे करून सांगावा. सगळ्यांच्या हसण्यात त्यांचेही हसू त्याच क्षणी मिसळले, तर दिवाळीची ओवाळणी याहून मोठी ती कोणती?