सुरतला कामाला जाताय? आधी गुजराती आकडे वाचायला शिका

सुरत : नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्ती लाइनची गाडी धरून आलेला खान्देशी माणूस उधना, लिंबायत, पांडेसरा भागात जागोजागी भेटतो. गुजराती बोलायला तो लवकर शिकतो. अडतं ते वाचताना. हजेरीकार्ड किंवा उत्पादनाची वही गुजरातीत असली, की ‘हिशोब बरोबर आहे ना?’ एवढंच विचारून पैसे खिशात टाकतो.

लिपी अवघड नाही

देवनागरीची वरची रेघ काढली, की ग, न, म, र, प, स अशी बरीच अक्षरं ओळखू येतात. क, ख, ज, झ, फ, ब, इ अशी मोजकी वेगळी पाठ करावी लागतात. ‘ए’ लिहिताना ‘अ’वरच मात्रा देतात. आकड्यांत पाच फसवतो, तो गुजराती ‘प’सारखा दिसतो. पगार, जमा, बाकी, कपात हे शब्द तर दोन्हीकडे तेच. ‘उपाड’ म्हणजे आपली उचल. सरावासाठी दुकानांच्या पाट्या पुरेशा आहेत. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेल्या नवापूर स्टेशनवरही दोन्ही लिप्या दिसतात.

शिकलेलं वहीत उतरवा

नुसती अक्षरं ओळखून पदरात काही पडत नाही. रोज सुटी झाल्यावर तारीख आणि किती मीटर कापड निघालं, हे स्वतःच्या वहीत लिहा. समजा, दर मीटरला दीड रुपया आणि महिन्याचं काम १२,००० मीटर. म्हणजे १८,००० रुपये. ३,००० उपाड वजा जाता हातात १५,००० यायला हवेत. कार्डावर ४०० मीटर कमी चढले, तर तिथेच ६०० रुपये गेले. वही असेल तर तारीख दाखवून बोलता येतं, नाहीतर नुसता वाद होतो.

पगारातून पीएफ कापत असतील, तर यूएएन नंबर मागून घ्या आणि उमंग अॅपवर पासबुक बघा. साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो. जेवढे कापले, तेवढे जमा झाले का, हे तिथे दिसतं.

घरी साड्यांना लेस, टिक्या लावणाऱ्या बहिणींनाही हेच लागू आहे. मजुरी नगावर मिळते, म्हणून नग मोजून लिहा.

रोज पाच अक्षरं गिरवली, तरी दोन आठवड्यांत पुढचं कार्ड स्वतः वाचता येईल.