स्वयंवापराची वैद्यकीय पिचकारी

स्वयंवापराची वैद्यकीय पिचकारी म्हणजे रुग्णाला दुसऱ्या कोणाच्याही मदतीवाचून पाणी किंवा औषधी द्रव स्वतःच्या शरीरात सोडता यावा, अशा रीतीने रचलेले उपकरण होय. या प्रकारची आरंभीची उपकरणे प्रामुख्याने बस्तीसाठी, म्हणजे आजच्या बोलीत एनिमासाठी, तयार झाली. त्वचेखाली औषध टोचण्याची सिरिंज १९ व्या शतकाच्या मध्यास प्रचारात आली आणि रुग्णाने रोज स्वतःला सुई टोचण्याची पद्धत इन्सुलिनच्या शोधानंतर, १९२० च्या दशकात रूढ झाली.

या उपकरणांच्या इतिहासात महाराष्ट्रातील दोन प्रवाह महत्त्वाचे आहेत. हठयोगातील जलबस्तीवर लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेत शास्त्रीय अभ्यास झाला, तर पुणे व उरुळी कांचन येथील निसर्गोपचार केंद्रांशी एनिमाच्या साध्या डब्याचा संबंध आहे.

रचनेतील मूळ प्रश्न

रंगपंचमीची पिचकारी चालवताना एका हाताने नळी धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने दट्ट्या दाबावा लागतो. समोरच्यावर रंग उडवण्यास ही रचना सोयीची असली, तरी तीच पिचकारी स्वतःच्या पाठीमागे वळवून एकसारख्या जोराने चालवणे जवळजवळ अशक्य असते. बस्ती देणारा वैद्य किंवा परिचारक तीन कामे करतो: नळी योग्य जागी व योग्य दिशेने ठेवणे, द्रवावर संथ व समान दाब देणे आणि योग्य वेळी थांबणे. परिचारक नसेल तर ही तिन्ही कामे उपकरणाला करावी लागतात. स्वयंवापराच्या पिचकारीतील बहुतेक सुधारणा या तीन कामांपैकी एखादे परिचारकाच्या हातातून काढून उपकरणात बसवण्यासाठी झाल्या आहेत.

हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. बस्ती हा देहाच्या अत्यंत खाजगी भागाशी संबंधित उपचार असल्याने परक्या माणसाकडून तो करून घेण्यास संकोच वाटणे स्वाभाविक होते. वृद्ध, एकटे राहणारे रुग्ण आणि स्त्रिया यांच्या बाबतीत मदतनीस नसेल तर उपचारच टळत असे. त्यामुळे स्वयंवापराच्या रचनेला आरोग्याइतकाच प्रतिष्ठेचाही संदर्भ होता.

आयुर्वेदातील बस्तियंत्र

'बस्ति' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मूत्राशय असा आहे. द्रव भरण्यासाठी जनावराच्या मूत्राशयाची पिशवी वापरली जात असल्यामुळे उपचारालाही तेच नाव मिळाले. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात आणि सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात या यंत्राचे तपशीलवार वर्णन आहे.

यंत्राचे दोन भाग असत. पहिला भाग म्हणजे द्रवाची पिशवी. ती बैल, रेडा, हरिण, डुक्कर किंवा बोकड यांच्या मूत्राशयापासून, स्वच्छ व मऊ करून बनवली जाई. दुसरा भाग म्हणजे 'नेत्र' नावाची नळी. ती सोने, रुपे, तांबे, कासे यांसारखे धातू, तसेच हाड, लाकूड किंवा वेळू यांची असे. तिचा आकार गाईच्या शेपटीप्रमाणे मुळाशी जाड व टोकाकडे निमुळता असावा, पृष्ठभाग गुळगुळीत असावा आणि टोक गोळीसारखे गोलसर असावे, असे सांगितले आहे. चरकसंहितेनुसार नळीची लांबी ६ वर्षांच्या मुलासाठी ६ अंगुळे, १२ वर्षांच्या मुलासाठी ८ अंगुळे आणि २० वर्षांच्या व्यक्तीसाठी १२ अंगुळे असावी.

नळीवर 'कर्णिका' नावाची उठावदार कडी असत. मुळाजवळच्या दोन कड्यांच्या आधाराने पिशवी दोऱ्याने बांधली जाई. टोकाकडील चौथ्या भागावर आणखी एक कडे असे. नळी त्यापलीकडे आत जाऊ नये, ही त्यामागची योजना होती. परिचारकाचा अंदाज चुकला तरी नळी मर्यादेबाहेर जाणार नाही, अशी ही तजवीज होती.

मात्र संपूर्ण यंत्र दुसऱ्याने चालवावयाचे होते. रुग्णाने डाव्या कुशीवर निजावे आणि वैद्याने पिशवी एकाच संथ दाबाने पिळावी, हात हलवू नये, अतिवेगाने किंवा अतिमंद गतीने द्रव सोडू नये आणि हवा आत जाऊ नये म्हणून थोडा द्रव पिशवीत शिल्लक ठेवावा, असा विधी आहे. चरकसंहितेत नेत्राचे आठ दोष सांगितले असून 'वक्र', म्हणजे वाकडी, असणे हा त्यांपैकी एक आहे. परिचारकाच्या हाती नळी असेल तर ती सरळच हवी. पुढे युरोपात रुग्णाने स्वतः वापरण्याच्या पिचकारीत मात्र वाकडी नळी हाच उपाय ठरला.

हठयोगातील जलबस्ती

परिचारकाशिवाय बस्ती घेण्याची वेगळी पद्धत हठयोगात आढळते. स्वात्मारामकृत हठप्रदीपिका या १५ व्या शतकातील ग्रंथात बस्तीचा समावेश शरीरशुद्धीच्या षट्कर्मांत केला आहे. साधकाने बेंबीपर्यंत येणाऱ्या पाण्यात उत्कटासनात बसावे, गुदद्वारात नळी ठेवावी आणि आकुंचन करून आतील भाग धुवावा, असे तेथे सांगितले आहे. या ग्रंथावरील ब्रह्मानंदांच्या 'ज्योत्स्ना' टीकेत नळीचे माप दिले आहे. वेळूची नळी सहा अंगुळे लांब असावी, तिच्यात करंगळी जाईल एवढे छिद्र असावे, चार अंगुळे भाग आत आणि दोन अंगुळे बाहेर ठेवावा. घेरंडसंहितेत जलबस्ती आणि शुष्कबस्ती असे दोन प्रकार आहेत.

या पद्धतीत पिशवी नाही, दट्ट्या नाही आणि द्रव ढकलणारे कोणतेही साधन नाही. नळीचे काम गुदद्वार उघडे ठेवण्यापुरतेच आहे. मग पाणी आत कशामुळे चढते, हा प्रश्न उरतो. त्याचे प्रायोगिक उत्तर २० व्या शतकात मिळाले.

स्वामी कुवलयानंद यांचे प्रयोग

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी 'योग-मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासणे हा त्यांच्या संशोधनाचा भाग होता.

नौली या क्रियेत साधक श्वास सोडून पोट आत ओढतो आणि पोटाचे मधले उभे स्नायू बाजूच्या स्नायूंपासून अलग करून पुढे काढतो. नौली चालू असताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे कुवलयानंदांना दाबमापकावर दिसून आले. पोटाच्या पोकळीचे आकारमान वाढते, आतला दाब घटतो आणि बाहेरचे पाणी उघड्या नळीतून आत ओढले जाते. आपले गुरू परमहंस माधवदास यांच्या स्मरणार्थ त्यांनी या निर्वात स्थितीला 'माधवदास व्हॅक्यूम' असे नाव दिले.

पिचकारीच्या दृष्टीने पाहिले तर जलबस्तीत साधकाचे पोट हेच पिचकारीचे नळकांडे ठरते आणि स्नायू दट्ट्याचे काम करतात. दट्ट्या मागे ओढल्यावर पिचकारीत पाणी भरते, त्याच तत्त्वावर येथे आतड्यात पाणी भरते. दाब किती द्यावा आणि केव्हा थांबावे, हे साधकाच्या स्वाधीन असते. या रचनेची मर्यादाही उघड आहे. नौली साधण्यास दीर्घ सराव लागतो. आजारी किंवा अशक्त माणसाला, ज्याला उपचाराची खरी गरज असते, त्याला ती करता येत नाही.

युरोपातील यांत्रिक पिचकाऱ्या

युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस पिशवीची जागा धातूचे नळकांडे व दट्ट्या असलेल्या पिचकारीने घेतली. जस्तासारख्या दिसणाऱ्या कथिलाच्या मिश्रधातूच्या या मोठ्या पिचकाऱ्या औषधविक्रेत्यांचे मदतनीस घरोघर जाऊन चालवीत. १७ व्या शतकातील फ्रान्समध्ये हा उपचार इतका प्रचलित होता, की नाटककार मोलिएर यांनी १६७३ मधील आपल्या शेवटच्या नाटकात त्याची थट्टा केली आहे.

डच वैद्य रेनिए द ग्राफ यांनी १६६८ मध्ये बस्तीच्या पिचकारीवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. पिचकारी आणि टोकाची नळी यांच्यामध्ये लवचीक नळी जोडावी म्हणजे रुग्णाला ती स्वतः वापरता येईल, ही त्यातील महत्त्वाची कल्पना होती. लवचीक नळीमुळे दट्ट्या समोर धरता येऊ लागला आणि हात न पोहोचण्याची अडचण दूर झाली. याखेरीज वाकड्या टोकाच्या आणि बैठकीत बसवलेल्या उभ्या नळीच्या पिचकाऱ्याही बनवल्या गेल्या. बैठकीवर बसून रुग्ण स्वतःच दट्ट्या चालवीत असे.

दाब समान ठेवण्याचा प्रश्न १९ व्या शतकात सुटला. फ्रेंच डॉक्टर एगिझिए यांनी १८४० च्या दशकात स्प्रिंगवर चालणारे उपकरण तयार केले. त्यात घड्याळाप्रमाणे किल्ली देऊन दट्ट्या सज्ज करावयाचा आणि तोटी उघडावयाची. पुढचे काम स्प्रिंग करीत असे. रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया ज्ञात झाल्यावर लिव्हरपूलचे शल्यचिकित्सक आल्फ्रेड हिगिन्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी रबरी पिचकारी प्रचारात आली. तिच्या मध्यभागी रबरी फुगा व आत एकदिश झडपा असतात. एका हाताने फुगा दाबला की भांड्यातील पाणी पुढे जाते आणि सोडला की फुगा पुन्हा भरतो. त्यामुळे दुसरा हात नळी धरण्यास मोकळा राहतो.

गुरुत्वाकर्षणावर चालणारा एनिमाचा डबा

एनिमाचा डबा ही या मालिकेतील सर्वांत साधी रचना आहे. यात एनॅमलचा किंवा अन्य धातूचा डबा, त्याच्या तळाशी जोडलेली रबरी नळी, एक तोटी आणि टोकाची कठीण गुळगुळीत नळी एवढेच भाग असतात. डबा खिळ्याला टांगला की पाण्याचे वजनच दट्ट्याचे काम करते.

येथे दाब फक्त उंचीवर अवलंबून असतो. पाण्याची पातळी शरीरापेक्षा ५० सेंटिमीटर उंच असेल तर दाब पाऱ्याच्या सुमारे ३७ मिलिमीटर स्तंभाइतका होतो आणि उंची १ मीटर केली तर तो दुप्पट, म्हणजे सुमारे ७४ मिलिमीटर होतो. घाबरून किंवा घाईने हात जोरात दाबला जाण्याचा धोका यात नाही. खिळा कोणत्या उंचीवर ठोकला आहे, यावरच दाबाची मर्यादा ठरते. डब्यात मावणारे पाणी हीच मात्रेची मर्यादा असते आणि तोटी रुग्णाच्या हाताशी असल्याने कळ आल्यास प्रवाह तत्काळ थांबवता येतो.

महाराष्ट्रातील निसर्गोपचार चळवळीला हे उपकरण अनुकूल ठरले. महात्मा गांधी एनिमाचा वापर करीत आणि आपल्या निसर्गोपचारात त्याला स्थान देत. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी वास्तव्य केले. १९४६ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि त्याचे कार्य मणिभाई देसाई यांनी पुढे चालवले. गरीब खेडुताला परवडतील आणि घरी करता येतील असेच उपचार असावेत, हा त्यामागील विचार होता.

त्वचेखालील इंजेक्शन आणि स्वयंवापर

१८५३ मध्ये एडिंबरा येथील अलेक्झांडर वूड आणि फ्रान्समधील शार्ल प्रावाझ यांनी स्वतंत्रपणे पोकळ सुईची सिरिंज वापरली. प्रावाझ यांच्या सिरिंजमध्ये दट्ट्याला आटे असून तो फिरवून मात्रा मोजता येत असे. वूड यांनी वेदनाशमनासाठी अफूजन्य औषध टोचले. पुढे मॉर्फिनची सिरिंज रुग्णांच्या हाती गेली आणि अनेकांना त्याचे व्यसन जडले. बर्लिनचे वैद्य एडुआर्ड लेव्हिनश्टाइन यांनी १८७७ मध्ये या व्यसनावर ग्रंथ लिहिला. हात पोहोचण्याची आणि दाबाची अडचण सुटली होती, परंतु केव्हा थांबावे हे सांगणारे सिरिंजमध्ये काहीच नव्हते.

१९२२ मध्ये टोरांटो येथे मधुमेहाच्या रुग्णावर इन्सुलिनचा प्रथम वापर झाला. हे औषध रोज आणि जन्मभर घ्यावे लागत असल्याने रुग्णाने स्वतः टोचून घेणे अपरिहार्य झाले. इन्सुलिनच्या सिरिंजवर मिलिलिटरऐवजी थेट एककांच्या खुणा असतात. त्यामुळे रुग्णाला हिशेब करावा लागत नाही, मात्र सिरिंज आणि औषधाची तीव्रता जुळणे आवश्यक असते. भारतात १ मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेल्या कुप्या प्रचलित आहेत आणि १०० एककांचे इन्सुलिनही मिळते. १०० एककांचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने १० या खुणेपर्यंत घेतल्यास प्रत्यक्षात २५ एकके शरीरात जातात आणि रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. उलट चूक झाल्यास १० ऐवजी केवळ ४ एकके मिळतात. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या इन्सुलिन पेनमध्ये औषधाची नळी व मोजणी एकत्र असल्याने ही चूक टाळणे सोपे झाले.

सुरक्षितता

स्वयंवापराचे उपकरण सोपे असले तरी ते वैद्यकीय सल्ल्याची जागा घेत नाही. जोराने किंवा चुकीच्या दिशेने नळी घातल्यास गुदाशयास इजा होऊ शकते. वारंवार व मोठ्या प्रमाणात साध्या पाण्याचा एनिमा घेतल्यास शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडू शकते. पोटात तीव्र दुखणे, गुदद्वारातून रक्त जाणे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे, अशा स्थितीत एनिमा स्वतः घेऊ नये. नळी किंवा सुई दुसऱ्या व्यक्तीने वापरल्यास संसर्गाचा धोका असतो.

हेही पहा

पंचकर्म
षट्कर्म
नौली
स्वामी कुवलयानंद
निसर्गोपचार
इन्सुलिन