पिवळा काठ

दिवाळीत शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि पडवीतल्या कुंडीपाशी थबकल्या. "अगो, हे कसलं गो झाड? साडीला काठ असावा तसं दिसतंय. एक पान दे मला." मी बाहेरच्या बाजूचं एक जाड पान बुंध्यापाशी कापलं. जखम सुकायला दोन दिवस सावलीत ठेवा, मग वाळूत रोवा, असं सांगून त्यांच्या हातात दिलं. काकूंनी ते नीट जगवलं. शिमग्याच्या सुमारास त्या पानाच्या बुडातून बोटभर फुटवा वर आला. काकूंनी मला मुद्दाम बोलावून तो दाखवला. फुटवा गुटगुटीत होता, निरोगी होता आणि सगळाच्या सगळा हिरवा होता. पिवळ्या काठाचा मागमूस नव्हता.

"मी काही चुकीचं केलं का गो?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला वाईट वाटलं. चूक माझी होती. या झाडाचा काठ पानातून पुढे जात नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्या हिरव्या फुटव्यापासून मी या झाडाच्या मागे लागले ती आजपर्यंत.

झाडाचं नाव 'गोल्डन हान्नी'. रोपवाटिकेत ते स्नेक प्लांट म्हणूनच मिळतं, पण स्नेक प्लांट म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणाऱ्या कमरेएवढ्या, तलवारीसारख्या उभ्या पानांच्या झाडाशी त्याचं रूप जुळत नाही. हे जेमतेम वीतभर उंच. आखूड, रुंद पानं एकाआत एक बसून कमळासारखी उमलतात. पानाचा मधला भाग गडद हिरवा, त्यावर राखाडी आडवे पट्टे, आणि दोन्ही कडांना लोण्याच्या रंगापासून हळदीपर्यंत जाणारा पिवळा काठ. हा काठ मागावर विणल्यासारखा सरळ येत नाही. कुठे बोटभर रुंद, कुठे दोऱ्याएवढा, कुठे आतल्या हिरव्यात घुसलेला. दोन पानं सारखी सापडत नाहीत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की काठातून उजेड आरपार दिसतो आणि मधला हिरवा भाग मात्र जाड, अपारदर्शक राहतो. हा फरक लक्षात ठेवावा, सगळी गोष्ट त्या फरकातच आहे.

या जातीचं मूळ पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या उष्ण प्रदेशात. शास्त्रीय नाव मात्र तिला आपल्या देशात मिळालं. डेव्हिड प्रेन हे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. त्यांच्या 'बंगाल प्लँट्स' या ग्रंथात 1903 साली सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं. कुणीतरी हौसेने आणलेलं आफ्रिकेतलं झाड हुगळीकाठी वाढत होतं आणि तिथेच त्याचं बारसं झालं. अलीकडे, 2017 पासून, शास्त्रज्ञ त्याला ड्रॅसीनाच्या घराण्यात धरतात. बाजाराने हा बदल मनावर घेतलेला नाही, आणि मीही जुनंच नाव वापरते.

पिवळ्या काठाचं पहिलं प्रसिद्ध झाड त्याच सुमाराला हाती आलं. बेल्जियमचे प्राध्यापक एमिल लोराँ यांनी काँगोतून ते जमवलं आणि त्यांच्या नावावरून ते 'लॉरेंटी' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आपल्याकडच्या बँकांत, दवाखान्यांत, लग्नाच्या हॉलच्या दारात जे उंच पिवळ्या कडांचं झाड दिसतं ते हेच. देखणं आहे, पण त्याला जागा लागते. खिडकीच्या कट्ट्यावर किंवा लिहिण्याच्या टेबलावर ते मावत नाही.

बुटकं झाड मिळालं ते योगायोगाने. 1939 साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात क्रेसेंट नर्सरी या रोपवाटिकेत, उंच झाडांच्या गर्दीत विल्यम स्मिथ यांना एक रोप वेगळं दिसलं. त्याची पानं वर जायला तयार नव्हती, आखूडच राहून पसरत होती. अशा अचानक झालेल्या बदलाची रोपं रोपवाटिकेत अधूनमधून निघतात, आणि बहुतेक वेळा ती रोगट समजून उकिरड्यावर जातात. स्मिथ यांनी ते ठेवलं. मला या सगळ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. संकर नाही, प्रयोगशाळा नाही. हजार सारख्या रोपांतून चालताना एकाच रोपापाशी पाय थांबले, एवढंच.

पुढे पिट्सबर्गच्या सिल्व्हन हान यांच्याकडे त्याचे हक्क गेले, 1941 मध्ये त्याला 470 क्रमांकाचं वनस्पती पेटंट मिळालं आणि हान यांच्या नावावरून ते 'हान्नी' झालं. अमेरिकेत असा कायदा 1930 पासून आहे. बियांवाचून, म्हणजे कलमाने, फुटव्याने किंवा फांदीने वाढवलेल्या नव्या जातीवर शोधणाऱ्याला हक्क मिळतो. तेव्हा ती मुदत 17 वर्षांची होती. हा पहिला हान्नी साधा हिरवा होता. त्याच्याच वंशात पुढे पिवळ्या काठाचं रोप निघालं, तेही आपोआप, आणि 1953 मध्ये 'गोल्डन हान्नी' म्हणून त्याचं वेगळं पेटंट झालं. त्या हक्कांची मुदत केव्हाच संपली, आणि आज ते देवरुखातल्या माझ्या पडवीतही सुखाने नांदतं.

आता काकूंच्या हिरव्या फुटव्याकडे येते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला फार खटपट करावी लागत नाही. हापूसची कोय पेरली तर हापूस येईलच असं नाही, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर कलमं बांधतात. कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधून जुनंच झाड नव्या मुळांवर पुढे न्यायचं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये 'रत्ना' दिला, तोही कलमानेच घरोघर पोचला. बी म्हणजे दर वेळी नव्याने पिसलेले पत्ते, आणि कलम म्हणजे तोच हात जसाच्या तसा पुढच्याला देणं.

गोल्डन हान्नीचं दुखणं याच्याही पुढचं आहे. हापूसची कोणतीही जिवंत काडी हापूसच असते. या झाडाचं पान मात्र, त्याच झाडाचं असूनही, ते झाड पुन्हा देऊ शकत नाही.

कारण त्या एका रोपात दोन वंश एकत्र राहतात. झाडाच्या वाढत्या टोकाशी पेशींचे थर एकावर एक असतात. कधीतरी त्यातल्या एका पेशीत बदल झाला आणि हरितद्रव्य तयार करायची तिची ताकद गेली. तिच्यापासून वाढलेला सगळा थर तसाच निघाला. पानाची कड त्या थरातून घडते म्हणून पिवळी, मधला भाग दुसऱ्या, धडधाकट थरातून घडतो म्हणून हिरवा. अशा जोडरोपाला शास्त्रात कायमेरा म्हणतात. ग्रीक पुराणातल्या सिंहाच्या तोंडाच्या, बकरीच्या धडाच्या आणि सापाच्या शेपटीच्या प्राण्यावरून ते नाव आलं. आपण नरसिंह आठवावा. दोन रूपं एका देहात, पण मिसळलेली नाहीत, आपापल्या जागी उभी.

पान कापून वाळूत रोवलं की नवा फुटवा कापलेल्या बुडातल्या मोजक्या पेशींतून उगवतो, आणि त्या बहुधा आतल्या, हिरव्या थरातल्या असतात. थरांची ती मांडणीच मोडते. चुकून नुसत्या पिवळ्या पेशींतून कोंब आलाच, तर तो दिसायला सोन्यासारखा असतो, पण त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. आईपासून तोडला की तो उपाशी मरतो. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने हजारो रोपं करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. पेशींचा गोळा करून त्यातून रोपं काढली तर थर विस्कटतात. मातीखालच्या आडव्या गड्ड्यावर जो डोळा फुटतो, त्याच्या टोकाशी मात्र दोन्ही थर जसेच्या तसे रचलेले असतात. म्हणून गड्ड्यासकट पिल्लू वेगळं करणं हाच काठ राखायचा भरवशाचा मार्ग.

याचा अर्थ असा, की माझ्या पडवीतल्या रोपापासून 1953 च्या त्या रोपापर्यंत सुरीने केलेल्या कापांची सलग साखळी आहे. प्रत्येक पिढीत कुणीतरी कुंडी उपडी केली, माती झाडली, गड्डा पाहिला आणि योग्य जागी सुरी लावली. ही साखळी तुटली असती तर हे रूप पुन्हा मागून मिळालं नसतं.

पिवळा भाग अन्न करत नाही, हिरव्याच्या जिवावर जगतो. म्हणून हे झाड सावकाश वाढतं. वर्षाला चार-पाच पानं आली तरी मी समाधान मानते. कधी गड्ड्यातून पूर्ण हिरवं पिल्लू निघतं. ते जोमाने वाढतं आणि बघता बघता काठाच्या भावंडांना झाकून टाकतं. ते दिसताक्षणी वेगळ्या कुंडीत न्यावं. माझा हात त्यावेळी जड होतो, पण दोन्ही एका कुंडीत ठेवली तर काठवालं हरणार हे नक्की.

देवरुखात त्याला जगवायचं तर मुख्य शत्रू पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याचं हे गाव, आषाढात दिवसच्या दिवस पागोळ्या थांबत नाहीत, भिंतीच्या चिऱ्यांना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. हे झाड पानात पाणी साठवून कोरडा काळ काढण्यासाठी घडलेलं आहे. त्याला भूक-तहान सोसते, ओले पाय सोसत नाहीत. माझं पहिलं रोप मी एका जुलैत, बाकीच्या कुंड्यांबरोबर रोज थोडं थोडं पाणी घालून मारलं. वरून पानं ठीक दिसत होती. एक दिवस हात लावला तर अख्खं झाड हातात आलं, खाली गड्ड्याचा चिखल झालेला. आता मृगापासून हस्तापर्यंत मी त्याला जवळजवळ पाणीच देत नाही. हवेतच इतकी ओल असते. थंडीत तीन आठवड्यांनी एकदा, वैशाखात दहा-बारा दिवसांनी, तेही बोट खुपसून माती आतपर्यंत सुकली असेल तरच. इथली लाल माती एकटी वापरली तर घट्ट बसते, म्हणून निम्म्याहून जास्त नदीची जाड वाळू आणि थोडं चाळलेलं, मुरलेलं शेणखत. कुंडी मातीची आणि लहान. भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा, म्हणजे माती वाहून जात नाही.

जागेचंही तसंच. 'अंधारातही वाढतं' असं सांगून ते विकतात. मरत नाही, एवढंच त्यात खरं. माजघरात ठेवलं तर काठ फिका पडतो, वाढ थांबते. पडवीच्या पूर्वेच्या खिडकीपाशी, जिथे सकाळी तासभर ऊन येऊन जातं, तिथे त्याचा पिवळा रंग पक्का होतो.

हवा शुद्ध करतं, रात्री प्राणवायू देतं, असंही सांगतात. यातलं खरं काय ते सांगायला हवं. या झाडाची पर्णरंध्रं बहुतांशी रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडतं. रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ते आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि दिवसा उजेडात त्याचं अन्न करतं. ही व्यवस्था मला फार सुंदर वाटते, पण एका कुंडीने खोलीतल्या प्राणवायूत पडणारा फरक नगण्य असतो. 1989 मध्ये नासाच्या एका अभ्यासात बंद पेटीत ठेवलेल्या लॉरेंटीने हवेतली काही घातक रसायनं कमी केली होती. पेटी ती पेटी, घर ते घर. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला, तेव्हा साध्या खेळत्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडावी आणि झाड त्याच्या रूपासाठी ठेवावं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर उंचावर, कारण पानं चघळली तर त्यांना उलट्या होतात.

या घराण्याचं आपल्याशी आणखी एक जुनं नातं आहे. भारताच्या पूर्व किनाऱ्याकडे याचं देशी भावंड आहे, रॉक्सबर्गियाना. त्याच्या पानांतून चिवट वाख निघतो आणि ती वनस्पती म्हणजे आपली मूर्वा, असं अनेक अभ्यासकांनी मानलं. मूर्वेची म्हणून धनुष्याच्या दोरीला मौर्वी म्हणायचे. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेचीच सांगितली आहे. कोकणातले जाणते मात्र मूर्वा म्हणून डोंगरातली मोरवेल दाखवतात. ती वेल, हे झाड, आणि दोन्हीकडे नाव एक.

सापाचं नाव घेतलेलं झाड घरात नको, असं काही जण म्हणतात. देवरुखच्या माणसाने तरी म्हणू नये. इथून जवळच मार्लेश्वरच्या गुहेत शंकराच्या पिंडीभोवती साप वावरतात म्हणून ख्याती आहे, आणि संक्रांतीला गिरिजादेवीशी देवाचं लग्न लागतं तेव्हा त्याच गुहेच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. पानावरचे ते राखाडी आडवे पट्टे पाहिले की मला तो डोंगर आठवतो.

काकूंना मी पुन्हा झाड द्यायचं कबूल केलं होतं. मधला पावसाळा जाऊ दिला. कार्तिकात कुंडी वर्तमानपत्रावर आडवी केली, थोपटून मातीचा गोळा बाहेर काढला. गड्डा शेंदरी, आल्यापेक्षा गुळगुळीत, आणि त्याच्या एका टोकाला तीन पानांचं पिल्लू, स्वतःची पांढरी मुळं असलेलं. सुरी आधी विस्तवावर धरून घेतली होती. काप घेतला, दोन्ही जखमांना चुलीतली राख लावली. काकू शेजारी पाटावर बसून बघत होत्या. त्यांनी पिल्लू दोन बोटांत धरलं, मधलं कोवळं पान किंचित उलगडून पाहिलं.

"आहे गो काठ," त्या म्हणाल्या. "आणि तो हिरवाही मी ठेवलाय हो. तोही आता चांगला फुललाय."