विश्लेषण : वाघिणी बदलल्या, आठवणी का उरल्या? जुन्या मालगाडीत रेल्वेप्रेमींचा जीव का अडकतो?

वाळूज औद्योगिक वसाहतीतील बजाजनगरात माल दिवसरात्र हलत असतो, पण रस्त्याने. कंटेनर, ट्रेलर आणि टेम्पोंच्या रांगा इथे रोजच्याच. मालगाडी पाहायची तर दौलताबाद, लासूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकाकडे जावे लागते. तिथेही आता दिसतात त्या एकसारख्या डब्यांच्या लांबलचक गाड्या. मात्र रेल्वेप्रेमींच्या गप्पा, छायाचित्रे आणि मॉडेल यांत अजून धावते ती वेगळीच मालगाडी. चार चाकांचे खडखडणारे डबे, पुढे वाफेचे किंवा काळा धूर सोडणारे डिझेल इंजिन आणि शेवटच्या डब्यात हिरवा बावटा दाखवणारा गार्ड. ही केवळ हौस आहे, की त्या गाडीबरोबर खरोखरच काही हरवले आहे?

रेल्वेप्रेमींना नेमके काय आठवते?

आठवणींचा पहिला भाग दृश्य आणि आवाजाचा आहे. पूर्वी मालगाडीत एकासारखा दुसरा डबा क्वचितच असे. बंद डब्याशेजारी उघडा डबा, त्यामागे तेलाची टाकी, मध्येच गुरांचा डबा. चार चाकी डब्यांना दोनच आस असत आणि रूळ साधारण १३ मीटरच्या तुकड्यांचे असत. प्रत्येक सांध्यावर चाक आदळे आणि ठराविक ठेका निघे. पुढे रूळ एकमेकांना वेल्डिंगने जोडले गेले, डब्यांना आठ चाके आली आणि तो ठेका विरला.

दुसरा भाग माणसांचा आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून चालकाला टोकन दिले जाई. चामडी पिशवीतला लोखंडी गोळा, त्या पिशवीला मोठे कडे आणि धावत्या इंजिनातून ते कडे हातात अडकवून घेणारा माणूस, हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरत नाहीत. दांडा वरखाली होणारे सिमाफोर सिग्नल, केबिनमधले लिव्हर ओढणारे कर्मचारी, डबे जोडणारे पॉइंट्समन हे सगळे नजरेसमोर घडत असे. आज तेच काम रंगीत दिवे, संगणक आणि नियंत्रण कक्ष करतात. गाडी दिसते, पण ती चालवणारी यंत्रणा दिसत नाही.

डिझेल इंजिनाच्या धुराचे एवढे कौतुक का?

वाफेची इंजिने मागे पडत गेली तशी मालगाडीची सूत्रे डिझेलकडे आली. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या रचनेवर आधारित ‘डब्ल्यूडीएम-२’ हे २,६०० अश्वशक्तीचे इंजिन १९६०च्या दशकात आले आणि वाराणसीच्या कारखान्यात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. चालकाने जोर वाढवला की सिलिंडरमध्ये इंधन लगेच जाई, पण हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला थोडा वेळ लागे. तेवढ्या वेळात इंधन अर्धवट जळे आणि काळ्या धुराचा लोट उठे. अभियांत्रिकीच्या भाषेत हा दोषच. रेल्वेप्रेमींना मात्र त्या धुरात आणि धडधडीत इंजिनाने घेतलेले कष्ट दिसत.

महाराष्ट्रातल्या रेल्वेप्रेमींचे आणखी एक लाडके इंजिन म्हणजे ‘खेकडा’. १९२०च्या दशकाच्या अखेरीस आलेले हे विजेवरचे मालवाहू इंजिन सांधेदार बांधणीचे होते. बोर आणि थळ घाटांतील १ : ३७ च्या चढावर त्याने अनेक दशके मालगाड्या ओढल्या. दर ३७ मीटरला एक मीटर चढ रस्त्यावर किरकोळ वाटतो, पण लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात घर्षण कमी असल्याने रेल्वेसाठी तो मोठा असतो. म्हणूनच कसारा–इगतपुरीदरम्यान गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने आजही लावली जातात.

एकेका वाघिणीचा कारभार कसा चाले?

‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाला मराठी कानाने ‘वाघीण’ केले आणि तो शब्द बातम्यांतही रुळला. जुन्या मालवाहतुकीचे गणित या एका वाघिणीवर उभे होते. चार चाकी बंद डब्यात साधारण २२ टन माल मावे. गावातला अडत्या किंवा जिनिंगवाला स्थानकावर जाऊन एकच वाघीण मागवू शकत असे. रिकामा डबा मालधक्क्यावर लागे, हमाल तो भरत आणि प्रत्येक स्थानकावर थांबत जाणारी मालगाडी तो डबा उचलून नेई.

मग तो डबा मोठ्या यार्डात पोहोचे. भुसावळसारख्या यार्डांत वेगवेगळ्या गावांहून आलेले डबे सुटे करून दिशेप्रमाणे पुन्हा जोडले जात. काही यार्डांत यासाठी मातीचा उंचवटा असे. इंजिन डबे वर ढकले, कडी सोडली की डबा उताराने आपोआप खाली जाई आणि सांधा बदलून त्याला हव्या त्या मार्गावर घेतले जाई. एका वाघिणीला मुक्कामी पोहोचेपर्यंत अशी दोन-तीन यार्डे तरी लागत. शंटिंग तासन् तास पाहत बसणारे रेल्वेप्रेमी याच यार्डांत घडले.

मराठवाड्याच्या मालाला मनमाडला का उतरावे लागे?

मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग निजामाच्या काळात, १९००च्या सुमारास ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावाने सुरू झाला. तो मीटरगेज होता. दोन रुळांतले अंतर १,००० मिलिमीटर. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग मात्र ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचा. त्यामुळे मराठवाड्यातली वाघीण थेट मुंबईला जाऊच शकत नसे. मनमाडला एका डब्यातली पोती काढून दुसऱ्या डब्यात रचावी लागत. कापूस असो की धान्य, प्रत्येक नग माणसाच्या पाठीवरून जाई. वेळ, मजुरी, नासधूस आणि चोरीचा धोका असे सगळेच त्यात वाढे.

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात मनमाड–औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ही अडचण संपली. मीटरगेजच्या आठवणी काढणाऱ्यांनाही हे मान्य करावे लागते, की त्या रुंदीकरणासाठी मराठवाड्याने वर्षानुवर्षे मागण्या आणि आंदोलने केली होती.

मग ही पद्धत का मोडली?

कारण ती फार संथ झाली होती. एक वाघीण भरल्यापासून पुन्हा भरायला उपलब्ध होईपर्यंतच्या काळाला रेल्वे ‘वॅगन टर्न राउंड’ म्हणते. ब्रॉडगेजवर १९५०-५१ मध्ये तो ११ दिवस होता. १९८०-८१ मध्ये तो १५ दिवसांवर गेला. म्हणजे डबे वाढत होते, पण त्यांचा बराच वेळ यार्डात उभे राहण्यात जात होता. वीज केंद्रे कोळशाची वाट पाहत होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एम. एस. गुजराल रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष असताना दिशा बदलली. सुटे डबे गोळा करण्याऐवजी एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी, एकाच मालाची पूर्ण गाडी न्यायची आणि वाटेतली यार्डे टाळायची. या पूर्ण गाडीला रेक म्हणतात. सोबत तंत्रज्ञानही बदलले. जुन्या निर्वात ब्रेकमध्ये वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त दाब मिळूच शकत नसे, त्यामुळे गाडीची लांबी आणि वजन यांवर मर्यादा येत. एअर ब्रेकमध्ये नळीतला दाब त्याच्या सुमारे पाचपट असतो. आठ चाकी ‘बॉक्सएन’ आणि ‘बीसीएन’ डबे आले, एका डब्यात साठ टनांच्या आसपास माल जाऊ लागला. २०१०-११ पर्यंत वाघिणीचा फेरा पाच दिवसांवर आला. १९५०-५१ मध्ये रेल्वेने ७ कोटी ३२ लाख टन महसुली माल वाहिला होता. २०२३-२४ मध्ये हा आकडा सुमारे १५९ कोटी टनांवर गेला.

तर मग हरवले काय?

हरवला तो छोटा ग्राहक. ‘बीसीएन’ डब्यांच्या पूर्ण रेकमध्ये अडीच हजार टनांच्या आसपास माल लागतो. सिमेंट, खत, कोळसा, पोलाद किंवा अन्न महामंडळाचे धान्य यांना ते जमते. लासूरच्या एखाद्या कांदा व्यापाऱ्याला किंवा वाळूजच्या सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाला ते जमत नाही. रेल्वेने मिनी रेकची सोय ठेवली असली, तरी तीसुद्धा एका डब्याच्या ग्राहकासाठी मोठीच. शिवाय ठरलेल्या तासांत माल उतरवला नाही, तर विलंब आकार, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत डॅमरेज लागतेच.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा ८५ टक्क्यांहून अधिक वाटा रेल्वेकडे होता. आता तो २७ टक्क्यांच्या आसपास आहे. २०३० पर्यंत ४५ टक्के गाठण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात आहे. वाळूजची कहाणी या बदलाशी समांतर चालते. बजाज ऑटोचा इथला प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला, म्हणजे रेल्वे सुट्या वाघिणींपासून दूर जात होती त्याच दशकात. तेव्हा शहरातून जाणारा मार्ग मीटरगेज होता. वसाहत वाढली ती ट्रकच्या भरवशावर. रस्त्यांवरची कोंडी, अपघात आणि डिझेलचा खर्च हा त्या हिशेबाचा दुसरा भाग आहे.

जुने दिवस खरोखर तेवढे चांगले होते का?

काम करणाऱ्यांसाठी नक्कीच नव्हते. वाफेच्या इंजिनात फायरमनला उकाड्यात फावड्याने टनावारी कोळसा भट्टीत टाकावा लागे. डबे जोडताना पॉइंट्समन दोन बफरच्या मध्ये उभा राही, चूक झाली तर जीव जाई. अनेक ब्रेकव्हॅनमध्ये ना नीट दिवा, ना शौचालय. मालगाडीला प्रवासी गाड्यांसाठी तासन् तास बाजूला थांबवले जाई आणि गार्ड आडरानात एकटा बसून राही. जानेवारी २०२२ पासून गार्डचे पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. आता तर ब्रेकव्हॅनऐवजी शेवटच्या डब्याला संदेश पाठवणारे यंत्र लावण्याची पद्धत रेल्वे आणू पाहते आहे. रेल्वेप्रेमींना त्याची हळहळ वाटते, पण त्या डब्यात रात्री काढलेल्या माणसाची आठवण वेगळी असू शकते. म्हणून इंजिनांच्या क्रमांकांइतक्याच काळजीने या माणसांच्या आठवणीही नोंदवून ठेवायला हव्यात. वाफेच्या काळात काम केलेली पिढी आता वार्धक्यात आहे.

या ओढीतून हाती काय लागेल?

काही गोष्टी जतन झाल्या आहेत. खेकडा इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. नागपूरच्या मोतीबाग येथे नॅरोगेज संग्रहालय आहे आणि पुण्यात जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय. विदर्भात कापसासाठी बांधलेली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ बंद पडली, तरी ती पुन्हा धावावी ही मागणी थांबलेली नाही. मालगाड्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : रुळांवर किंवा यार्डात विनापरवाना जाणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे.

मात्र या आठवणींचा सर्वांत उपयोगी भाग संग्रहालयाबाहेर आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे धावली. तिच्यात शेतकऱ्याला थोडा मालही पाठवता येत होता आणि गाडी वाटेत थांबून माल घेत होती. मनमाड–संभाजीनगर मार्गावरच्या नगरसोलहूनही अशा गाड्यांनी कांदा गेला. जुन्या वाघिणीचेच हे नवे रूप होते. भाड्यातील अनुदान थांबल्यावर या गाड्यांचा ओघ आटला. म्हणजे मागणी होती, पण दराचे गणित जुळत नव्हते.

डिसेंबर २०२३ मध्ये जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, तोवर या मार्गावर विजेच्या तारा आल्या होत्या. त्यांच्याखाली अल्कोचा धूर परत येणार नाही आणि यायलाही नको. सुट्या डब्यांची यार्डेही परतणार नाहीत. पण एकेका कारखान्याचे दोन-चार कंटेनर जवळच्या टर्मिनलवर एकत्र करून त्यांची गाडी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सोडणे आजच्या संगणकांना अवघड नाही. वाळूजच्या लघुउद्योजकाला रेल्वेकडून हवे आहे ते एवढेच, आणि कधीकाळी मालधक्क्यावर जाऊन एक वाघीण मागणाऱ्या व्यापाऱ्यालाही तेच मिळत होते.