तिघांची पंधरा वर्षं

ई.एस.टी.ची सीडी संपली असं समजून लगेच उठायचं नाही, हे त्यांच्या श्रोत्यांना अनुभवाने कळलेलं असे. कव्हरवर छापलेली शेवटची रचना संपायची आणि मग नुसती शांतता. प्लेअरवरचे सेकंद पुढे सरकताहेत, आवाज मात्र नाही. कंटाळून चहा टाकायला उठावं, तर आतल्या खोलीत पुन्हा पियानो सुरू. २००३च्या ‘सेव्हन डेज ऑफ फॉलिंग’च्या शेवटी तर अशा शांततेनंतर चक्क माणूस गाऊ लागतो. एरवी या तिघांच्या संगीतात शब्द औषधालाही सापडत नाहीत. गाणारा जॉश हेडन, थोर बेसवादक चार्ली हेडनचा मुलगा.

एस्ब्योर्न स्वेन्सन ट्रिओ, पुढे नुसतंच ई.एस.टी. स्टॉकहोम, १९९३ ते २००८. पियानोवर एस्ब्योर्न स्वेन्सन, डबल बेसवर डान बेर्ग्लुंड, ड्रम्सवर माग्नुस ओस्ट्रम. स्वेन्सन आणि ओस्ट्रम व्हेस्टेरोस भागातले बालमित्र, लहानपणापासून एकत्र वाजवत आलेले. स्वेन्सनची आई शास्त्रीय पियानो वाजवायची, वडिलांना जॅझचं वेड होतं आणि पोराच्या कानावर त्या काळचं रॉक पडत होतंच. बेर्ग्लुंड उत्तरेकडच्या येम्टलांडचा, हार्ड रॉकवर पोसलेला. तो त्यांच्यात आला आणि तिघं झाले.

पियानो, बेस, ड्रम्स ही जॅझमधली जुनी, घासून गुळगुळीत झालेली मांडणी. त्यात नवं करण्यासारखं काही उरलेलं नाही असं नव्वदच्या दशकात म्हणणारे पुष्कळ होते. या तिघांनीही आरंभी फार काही मोडलं नाही. पहिला आल्बम ‘व्हेन एव्हरीवन हॅज गॉन’ १९९३ मध्ये आला. त्यात बिल एव्हान्स, कीथ जॅरेट ही घराणी सहज ओळखू येतात. शिकाऊ हात सफाईने वळताहेत, एवढंच. १९९६ मध्ये त्यांनी थेलोनियस मंकच्या रचनांचा एक अख्खा आल्बम केला. मला तो त्यांच्या वळणाचा पहिला धागा वाटतो. मंक म्हणजे तिरक्या चालीचा, अडखळल्यासारखा वाजवणारा माणूस, आणि त्याची नक्कल केली की हमखास फजिती. यांनी नक्कल केली नाही. मंकच्या चाली त्यांनी आपल्या गावात सापडलेल्या असाव्यात अशा वाजवल्या.

चाली गावात सापडणं ही स्वीडिश जॅझमधली खरीखुरी गोष्ट आहे, आणि ती सांगायची तर आणखी मागे जावं लागतं.

१९५१ साली अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ स्टॉकहोमला आला. तिथल्या वादकांबरोबर त्याने व्हेर्मलांड प्रांतातलं एक लोकगीत रेकॉर्ड केलं. पियानोवर बेंग्ट हालबेर्ग होता. त्या चालीचं जगभर नाव झालं ‘डिअर ओल्ड स्टॉकहोम’. पुढे माइल्स डेव्हिसनेही ती वाजवली. म्हणजे स्वीडनचं लोकगीत जॅझमध्ये रुजवलं ते पाहुण्याने. घरच्या माणसाला आपल्या घरात काय पडलंय हे पाहुणा सांगतो, तशातला प्रकार.

घरचा माणूस उठला तो दहा-बारा वर्षांनी. पियानोवादक यान योहान्सन. ‘स्वेन्स्का लोतार’ नावाचा लोकचालींचा मोठा छापील संग्रह होता. जात्यावरच्या ओव्या आपल्याकडे जशा गावोगाव फिरून वहीत उतरवल्या गेल्या, तशा फिडलवादकांकडून उतरवून घेतलेल्या चालींचा. योहान्सनने त्यातल्या काही निवडल्या आणि गेओर्ग रीडेल या बेसवादकाला सोबत घेऊन वाजवल्या. दोनच माणसं. ड्रम्स नाहीत. १९६४ मध्ये त्या ‘याझ पो स्वेन्स्का’ या नावाने एकत्र निघाल्या. अर्थ अगदी साधा : स्वीडिशमध्ये जॅझ. हा आल्बम स्वीडनच्या जॅझमधल्या सर्वांत खपलेल्या आल्बमांपैकी एक ठरला. ज्यांना जॅझशी काही देणंघेणं नाही अशा घरांतही तो पोचला. पोरांच्या लाडक्या पिप्पी लाँगस्टॉकिंगच्या मालिकेचं शीर्षकगीतही याच योहान्सनचं. १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला जाताना मोटार अपघातात तो गेला. वय ३७.

हा आल्बम आज ऐकला तर पहिल्यांदा चकवतो. योहान्सन काही करतच नाही असं वाटतं. चाल येते, एकेक सूर मोजून ठेवल्यासारखी. दोन सुरांमधली जागा तो भरत नाही. जॅझवादकाच्या बोटांना खाज असते, दिसली फट की घाल तान. याने तो हात आवरला आहे. सजावट न करता चाल पुन्हा म्हणायची, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिच्या खालची एखादी वीट हळूच हलवायची, इतकंच.

स्वेन्सन या हवेत वाढला. योहान्सनचा आल्बम निघाला त्याच वर्षी, १९६४ मध्ये, त्याचा जन्म. तो थेट लोकचालींकडेही गेला होता, पण ते ई.एस.टी.मध्ये नाही. लाल ट्रॉम्बोनवाला नील्स लांडग्रेन आणि तो, असे दोघं मिळून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘स्वीडिश फोक मॉडर्न’ आणि २००१ मध्ये ‘लेयर्स ऑफ लाइट’ या आल्बमांवर स्वीडिश लोकसंगीत वाजवतात. तिथे चाल समोर आहे, नावासकट. त्रयीच्या संगीतात मात्र एकही लोकचाल अशी नावाने समोर येत नाही, मंकचा तो आल्बम सोडला तर रचना बहुतेक स्वतःच्याच असतात. तरी ‘फ्रॉम गागारिन्स पॉइंट ऑफ व्ह्यू’ ही रचना ऐकावी. ती इतकी साधी आहे की पहिल्याच ऐकण्यात गुणगुणता येते, आणि कुठल्याशा आजीकडून आलेली असावी असं वाटत राहतं. अंतराळात पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या नावाने केलेली रचना, आणि चाल अशी पारावरची. परंपरा दाखवायला कुणी लोकवाद्य आणून बसवलेलं नाही, वेशभूषा नाही. ती फक्त त्या आवरलेल्या हातात आहे.

‘विंटर इन व्हेनिस’ने १९९७ मध्ये त्यांना स्वीडनमध्ये नाव दिलं. गागारिनच्या त्या रचनेच्याच नावाचा आल्बम १९९९ मध्ये म्युनिकच्या ‘अॅक्ट’ या कंपनीतर्फे बाहेरच्या देशांत पोचला. कंपनीचा मालक सिगी लोख आणि स्वेन्सन यांची गाठ लांडग्रेनमुळे पडली होती.

याच आल्बमवर ‘डॉज द डोडो’ आहे. नव्वदच्या दशकातल्या क्लबांमध्ये तेव्हा ड्रम-अँड-बेस जोरात होतं. जुन्या रेकॉर्डींवरचे ड्रम्सचे तुकडे कापायचे, वेग वाढवायचा, संगणकावर एकापुढे एक जोडायचे. माणसाच्या हाताला झेपणार नाही असा ठेका तयार व्हायचा. ओस्ट्रमने तो पुन्हा हातात घेतला. यंत्राने माणसाची नक्कल केली होती, याने यंत्राची केली. गंमत अशी की ठेका इतका धावता असूनही त्याच्यावरची पियानोची चाल घाई करत नाही. खाली लोकल, वर बैलगाडी, आणि दोघी एकाच वेळी समेवर.

जॅझच्या नेहमीच्या घाटात आधी मुखडा, मग एकेकाचा एकल, मग पुन्हा मुखडा. यांचा घाट निराळा होत गेला. स्वेन्सनचा डावा हात एक छोटी आकृती धरून बसायचा, चार-सहा सुरांची, आणि ती सोडायचाच नाही. तिच्यावर हळूहळू थर चढायचे. स्विंगची ती खास झुलती चाल जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी रॉकची सरळ लय आली. बेर्ग्लुंडने बेसवर गज फिरवायला आणि तो आवाज डिस्टॉर्शनमधून काढायला सुरुवात केली, तेव्हा प्रेक्षकांतले लोक गिटारवाला कुठे लपलाय ते शोधत. स्वेन्सन पियानोच्या पोटात हात घालून तारा दाबायचा, छेडायचा, त्यांच्यावर वस्तू ठेवायचा. हे सगळं एकत्र बांधणारा ध्वनितंत्रज्ञ ओके लिंटन हा या तिघांमधला चौथा होता. मैफिलीत तो मिक्सरवर बसून जे करी ते वादनच होतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सुरांइतकीच महत्त्वाची वाटते. नाव स्वेन्सनचं असलं तरी पुढच्या आल्बमांवर रचनांचं श्रेय तिघांचं लिहिलेलं असतं. आद्याक्षरांत नाव आक्रसलं ते या हिशेबाशी जुळणारं होतं. पंधरा वर्षांत एकही माणूस बदलला नाही. जॅझमध्ये हे विरळाच, तिथे वादक भाडेकरूंसारखे बदलतात.

समीक्षकांनी मात्र त्यांना लवकरच एका डबीत घातलं. उत्तरेचं संगीत, म्हणून बर्फ, फ्योर्ड, लांब रात्री. आपल्याकडच्या कुठल्याही तंबोऱ्यावर पाश्चात्त्यांनी ‘अध्यात्म’ हे लेबल डकवलं होतं, त्याच दुकानातलं हे दुसरं लेबल. २००२च्या आल्बमचं नाव ‘स्ट्रेंज प्लेस फॉर स्नो’. यात मला तरी थोडं डोळे मिचकावणं दिसतं.

श्रोते वाढत गेले, आणि ते निराळे होते. मैफिलीला प्रकाशयोजना, धूर, मोठा आवाज. रॉकच्या कार्यक्रमांना जाणारी तरुण मंडळी त्यांच्याकडे आली. २००३ मध्ये ते अमेरिकेत गायिका के. डी. लँगच्या दौऱ्यात तिच्या आधी वाजवत होते. मे २००६ मध्ये शिकागोच्या ‘डाउन बीट’ मासिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. युरोपातल्या जॅझगटाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. १९३४ पासून निघणारं हे मासिक म्हणजे या क्षेत्रातला पंच. जिथून जॅझ आलं तिथल्या माणसांनी परक्याच्या उच्चारालाही भाषा म्हणून मान्यता दिली, असा त्याचा अर्थ होता.

नुसतीच आरती ओवाळायची नाही. थर चढवत कळसाला न्यायची त्यांची युक्ती पुढे सवयीची झाली. ‘ट्यूसडे वंडरलँड’ (२००६) ऐकताना मला काही ठिकाणी कळस कधी येणार हे आधीच कळतं, आणि कळल्यावर मजा कमी होते. स्विंग सोडलं तर उरलेल्याला जॅझ म्हणायचं का, हा जुन्या रसिकांचा प्रश्नही चुकीचा नव्हता. ‘ट्यूसडे वंडरलँड’च्या आदल्या वर्षीचा ‘व्हायाटिकम’ मला अधिक जवळचा. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ वाटेसाठी बरोबर घ्यायचं अन्न, आपल्याकडची शिदोरी. ख्रिस्ती परंपरेत मरणासन्न माणसाला शेवटचा प्रसाद देतात त्याला हेच नाव आहे. आल्बम त्या नावासारखाच आहे, सावकाश, जड पावलांचा, आणि फार सुंदर.

बहुधा त्यांनाही आपली सवय जाणवली असावी. जानेवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात ते सिडनीतल्या ‘स्टुडिओ ३०१’मध्ये शिरले, हातात काही लिहिलेलं न घेता, आणि नुसते वाजवत राहिले. त्यातून ‘ल्यूकोसाइट’ निघाला. नाव पांढऱ्या रक्तपेशीचं. इथे मांडलेले कळस नाहीत. खरखर आहे, लांबलचक चाचपडणं आहे, मध्येच एकदम मोकळं आकाश. शीर्षकरचनेचे चार भाग आहेत. दुसऱ्या भागाचं नाव ‘अॅड इंटेरिम’, म्हणजे मधल्या काळापुरता. त्यात एक मिनिटभर काहीही वाजत नाही. तिसऱ्याचं नाव ‘अॅड मोर्टेम’, म्हणजे मृत्यूपर्यंत.

१४ जून २००८ रोजी स्टॉकहोमजवळच्या इंगारो इथे समुद्रात डायव्हिंग करताना अपघात होऊन स्वेन्सन गेला. ४४ वर्षांचा होता. ‘ल्यूकोसाइट’ त्या सप्टेंबरात बाहेर आला. मग त्या नावांमध्ये लोक भाकितं शोधू लागले. मला ते पटत नाही. जिवंत माणसाने ठेवलेली नावं होती ती, त्याच्या डोक्यात पुढचे दौरे असणार.

उरलेल्या दोघांनी नवा पियानोवादक बसवून तेच नाव चालवलं नाही. बेर्ग्लुंडने ‘टॉनब्रुकेट’ हा स्वतःचा गट काढला. ओस्ट्रमने २०११च्या ‘थ्रेड ऑफ लाइफ’वर मित्रासाठी ‘बॅलड फॉर ई’ केलं. त्यात गिटारवर पॅट मेथेनी आहे आणि बेसवर बेर्ग्लुंड. सिडनीच्या त्याच दिवसांतलं उरलेलं ध्वनिमुद्रण २०१२ मध्ये ‘३०१’ म्हणून निघालं. २०१६ मध्ये हान्स एकने त्यांच्या रचना सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी बांधल्या. भव्य आहे, पण मूळच्या तिघांमधली ती फट नव्वद माणसांनी भरून काढल्यावर मला योहान्सनची आठवण येते. पुढे बेर्ग्लुंड आणि ओस्ट्रम नॉर्वेच्या बुगे व्हेसेलटॉफ्टबरोबर ‘रिमडेन’ या गटात पुन्हा शेजारी आले. तिघंच, पियानो-बेस-ड्रम्स, पण नाव वेगळं.

आणि मग २०२२. स्वेन्सनच्या संगणकातल्या साठवणीत त्याच्या पत्नीला काही ध्वनिमुद्रणं सापडली होती. २००८च्या वसंतात, जाण्याच्या काही आठवडे आधी, त्याने घरच्या तळघरात एकट्याने वाजवून ठेवलेली. कुणाला त्याने सांगितलेलं नव्हतं. ‘होम.एस.’ या नावाने त्या नोव्हेंबरात ‘अॅक्ट’ने ती काढली. नऊ रचना, नावं ग्रीक मुळाक्षरांची, अल्फापासून आयोटापर्यंत. बेस नाही, ड्रम्स नाहीत, धूर नाही. काही ठिकाणी डावा हात तीच छोटी आकृती धरून बसतो. ऐकणाऱ्याचा कान सवयीने ओस्ट्रमच्या ब्रशची वाट पाहतो. तो येत नाही, पियानो जागा सोडून पुढे जातो.

आयोटा संपल्यावर मी प्लेअर बंद केला नाही. बराच वेळ.